डबी उंचावर ठेवा

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पहिल्याच वाक्यात "नको" म्हणणारा विक्रेता तुम्ही पाहिला आहे का? नसेल पाहिला तर मास्तरांकडे या. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का, शाळेचा आणि त्यांचा संबंध आठवीतच तुटला. माशांच्या दुकानात ते गेली एकोणीस वर्षं टाक्या बांधतात, धुतात, विकतात, आणि विकताना समोरच्याला इतकं शिकवतात की मालकीणबाईंनी एकदा वैतागून त्यांना "अहो मास्तर, पुरे!" म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

एखादं जोडपं मुलाचं बोट धरून यायचं. वाढदिवस उद्यावर आलेला. "मुलासाठी फिश टँक हवा होता. सोपंसं काहीतरी."

मास्तर हातातला स्पंज खाली ठेवायचे. "आज नको."

"म्हणजे?"

"आज नुसती टाकी न्या. मासे तीन आठवड्यांनी."

आणि मग जे सुरू व्हायचं ते सुरू व्हायचं. नव्या टाकीत पाणी भरायचं, फिल्टर लावायचा आणि तीन आठवडे ते पाणी माशांशिवाय फिरू द्यायचं. पाणी मुरल्याशिवाय मासा टाकला तर तो चार दिवसांत वर तरंगणार, मग पोरगं रडणार, मग तुम्ही आमच्या नावानं खडे फोडणार. कुणी काचेचा गोल वाडगा मागितला तर मास्तर म्हणायचे, "न्या की. फुलं छान दिसतील त्यात." कुणी विचारलं की कुत्र्यामांजरापेक्षा मासे बरे ना, तर म्हणायचे, "पोराला कुरवाळायला हवं असेल तर मासा काही कामाचा नाही. मासा बघायचा असतो. तुमचं पोरगं बघत बसणारं आहे का, ते आधी ठरवा."

पोरं हटकून एकच प्रश्न विचारायची. "काका, तो मला ओळखेल का?"

"तुला नाही. खाद्याच्या डबीला ओळखेल."

पोराचा चेहरा पडायचा, आई डोळे वटारायची. पण मास्तर खोटं बोलायचे नाहीत. शेवटी ते बोट वर करायचे आणि आपला ठेवणीतला नियम सांगायचे, "खाद्याची डबी उंचावर ठेवा. पोराचा हात पोचणार नाही अशी. मासा उपाशी राहून मरत नाही हो, लाडानं मरतो. दिवसाला एक चिमूट, तीही मोठ्या माणसाच्या हातानं." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मालकीणबाईंनी ते पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्याशेजारी टांगलं होतं.

"मास्तर, तुम्ही दुकान चालवताय का बंद पाडताय?" असं बाई आठवड्यातून एकदा तरी विचारायच्या. पण तीन आठवड्यांनी जी गिऱ्हाइकं परत यायची ती मग वर्षानुवर्षं तुटायची नाहीत, हे बाईंनाही कळत होतं. त्यामुळे त्या कुरकुरायच्या आणि गप्प बसायच्या.

हे झालं दुकानातलं. संध्याकाळी मास्तर घरी जायचे तेव्हा दिवसभराचं बोलणं दुकानातच राहायचं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची आणि भिंतीला लागून दोन फुटी टाकी. टाकीत एकच गोल्डफिश, अकरा वर्षांचा, रंग उडून जवळजवळ पांढरा झालेला. मास्तर त्याच्याशी बोलायचे नाहीत. मासा ऐकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. रात्रीच्या जेवणाची एक ताटली, एक वाटी, धुऊन पालथी घातली की झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीचा फोन यायचा. ती दुसऱ्या गावी, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला.

"बरे आहात ना?"

"हो हो, मजेत. तू?"

"मजेत. गोळ्या घेताय ना?"

"घेतोय. छोटा काय म्हणतो?"

"आहे मजेत."

मजेत, मजेत, मजेत. पाच मिनिटांत संपायचं. भांडण म्हणाल तर कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. मुलगी अठराव्या वर्षी शिकायला म्हणून गेली, तिकडेच लागली, तिकडेच लग्न झालं, मूल झालं. यातल्या कशातही तिनं बापाकडे काही मागितलं नाही. "तुम्ही कशाला दगदग करता" म्हणायची. मास्तरांना ते समजूतदारपणाचं वाटायचं. मग एकेका संध्याकाळी ते तसं वाटायचं नाही, आणि खुर्चीतून उठवायचं नाही.

अशात एका बुधवारी भर दुपारी दुकानात तिचा फोन आला. पहिला रविवार नाही, काही नाही, फोन कशाला?

"काय गं? काय झालं?"

"काही नाही बाबा. एक विचारायचं होतं. छोट्याला सांभाळणाऱ्या बाई गाव सोडून चालल्यात. माझी ड्यूटीची वेळही बदलतेय, पुढच्या महिन्यापासून. हे तर महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. म्हणजे शाळेतून आला की दीड ते पाच तो घरात एकटाच. शेजारच्या काकू येऊनजाऊन बघतील म्हणाल्यात. सात वर्षांचा आहे, समजूतदार आहे. कुत्रं घे म्हणून मागे लागलाय. ते शक्य नाही. म्हटलं, फिश टँक घ्यावा का? तुम्ही सांगा. मुलासाठी चांगला असतो का?"

अहो, हाच प्रश्न मास्तर रोज चार वेळा ऐकत होते! त्यावर त्यांचं तासाभराचं भाषण तयार होतं. आणि नेमकं इथे घोडं अडलं. शेवटी म्हणाले, "विचार करून सांगतो. रविवारी सांगतो."

मालकीणबाई ऐकत होत्याच. "वा रे वा! परक्यांना श्वास घेऊ देत नाही आणि पोटच्या पोरीला म्हणे विचार करून सांगतो!"

मास्तरांना दुसरंच सुचत होतं. पोरीनं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आपल्याकडे काहीतरी मागितलं होतं. उत्तर चांगलं पडलं तर ती पुन्हा काहीतरी विचारेल. कदाचित घरी या म्हणेल. कदाचित तो नातू, ज्याला त्यांनी मोजून चार वेळा पाहिलं होतं, आपल्याला आजोबा म्हणून ओळखेल. आणि चुकलं तर पुन्हा आपलं मजेत, मजेत.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी. तेव्हा मास्तर मास्तर नव्हते, एका काचेच्या कारखान्यात काच कापायचे. बायको अचानक गेली, मुलगी सात वर्षांची. ती एक वाजता शाळेतून यायची, शेजारून किल्ली घ्यायची, झाकून ठेवलेलं खायची. हे यायचे सातला. पहिल्या महिन्यात ती रोज कारखान्यात फोन करायची. फोन शेठच्या टेबलावर. शेठ हाक मारायचे, हे हातातली काच ठेवून धावत जायचे, तर ती विचारणार, "बाबा, तुम्ही काय करताय?" अर्ध्या तासानं परत, "बाबा, गच्चीवर मांजर आलंय." एकदा या धावपळीत मोठी काच हातातून सुटली आणि शेठनं सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. त्या संध्याकाळी यांनी मुलीला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बघ, कामावर फोन करायचा नाही. काही झालं तरी नाही. नोकरी गेली तर खायचं काय?"

तिनं मान हलवली. पुन्हा फोन केला नाही. शब्दाची पक्की पोर.

पण बापाचंही काळीज होतं हो. त्यांना वाटलं, पोरगी एकटी काय करणार दिवसभर? म्हणून त्यांनी उरलेल्या काचेचे पाच तुकडे मापात कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या, सिलिकॉननं जोडले, दोन दिवस सुकवले, मग पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि गळतंय का ते सकाळ-संध्याकाळ बघितलं. एक थेंब नाही. त्यात चार गोल्डफिश आणून सोडले. मुलगी हरखून गेली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

मासे पंधरा दिवसांत मेले. दुसरे चार आणले, तेही गेले. पाणी गढूळ, तळाला खाद्याचा थर. मास्तरांनी विचारलं, "किती वेळा घालतेस गं?" ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी. त्यांनी समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या खेपेला त्यांनी डबी उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. सकाळी कामावर जाताना आपल्या हातानं एक चिमूट घालायची, संपलं. त्यानंतर एकही मासा मेला नाही. ते जो भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी कशी शहाणी झालीय! आवाज नाही घरात. टाकीसमोर शांत बसून असते."

काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा माशांच्या दुकानात नोकरी मिळाली ती याच शिकवणीवर.

तर आता त्या शुक्रवारी मास्तरांनी पुन्हा काच कापली. नातवासाठी. दुकान बंद व्हायच्या आधी तासभर, मागच्या खोलीत. हात पूर्वीसारखा स्थिर राहिला नव्हता, एक तुकडा वाया गेला. पण टाकी झाली. कडा तर अशा घासल्या की गालावर फिरवावी. मालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "इतकी मेहनत गिऱ्हाइकासाठी घेतलीत तर माझं नशीब फळफळेल," म्हणाल्या आणि सिलिकॉनची नवी नळी त्यांच्यापुढे ठेवून गेल्या. रविवारी सकाळी टाकी मास्तरांच्या खोलीत, खाली वर्तमानपत्र, आत काठोकाठ पाणी. कागद कोरडा ठणठणीत.

मग त्यांनी फोन लावला.

"चांगला असतो," मास्तर म्हणाले. "मुलासाठी फिश टँक चांगलाच. मी टाकी केलीय, मीच घेऊन येतो." आणि त्यांचं भाषण वाहू लागलं. दोन फुटी टाकी, दोनच मासे, तीन आठवडे पाणी मुरवायचं, उन्हात ठेवायची नाही, आठवड्याला पाव पाणी बदलायचं. मुलगी "हं, हं" करत होती. कागदावर लिहून घेत असावी. मास्तरांना इतकं बरं वाटलं की खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी सवयीनं बोट वर केलं. "आणि खाद्याची डबी मात्र उंचावर ठेव हं. त्याचा हात पोचेल अशी नको."

पलीकडचं "हं" आलं नाही.

"हॅलो? ऐकतेयस ना?"

"बाबा," ती म्हणाली, "मासे काचेपाशी कधी येतात?"

"खाद्य घातलं की."

"आणि एरवी?"

"एरवी काय, आपापले फिरत असतात."

"मी शाळेतून आले की एक चिमूट घालायचे. चारही जण काचेपाशी यायचे. माझ्याकडे तोंड करून. दोन मिनिटं थांबायचे, खाऊन झालं की जायचे. मग मी पुन्हा घालायचे." तिचा आवाज चढला नव्हता. इस्पितळात रिपोर्ट वाचून दाखवावा तसं ती सांगत होती. "मला कळत होतं ते मरतील. तुम्ही सांगितलं होतं. तरी घालायचे. मग तुम्ही डबी वर ठेवलीत. सकाळीच खाऊन झालेलं असायचं त्यांचं. मग दिवसभर कुणी यायचंच नाही."

मास्तर म्हणाले, "मला वाटलं, तुला समजत नाही. लहान होतीस."

"समजत होतं."

"अगं, मग सांगायचंस ना मला!"

"कधी सांगणार? तुम्ही सातला यायचात, दमलेले असायचात. आणि कामावर फोन करायचा नव्हता."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर परवडलं असतं. ती रागावलेली नव्हती. सत्तावीस वर्षांत तो राग कधीच निवून गेला होता आणि त्याच्या जागी "मजेत" येऊन बसलं होतं. मास्तरांना हे आत्ता, या क्षणी कळलं. लोकांना अक्कल शिकवत हिंडणारा उंटावरचा शहाणा तो हाच.

"नको," ते म्हणाले. "टाकी नको घेऊ त्याला. घरात माणसं असतील तर मासे चांगले. एकट्या पोराला नकोत."

"मग साडेतीन तासांचं मी काय करू, बाबा?"

आयुष्यात इतकं धाडस मास्तरांनी कधी केलं नव्हतं. "मी येतो. तिकडे राहतो. एक कोपरा पुरे मला. त्याला शाळेतून आणीन, वाढीन, बसेन त्याच्यापाशी."

ती म्हणाली, "बघू."

बघू! हा शब्द मास्तरांच्याच घरचा. बाबा, रविवारी बागेत जाऊ या? बघू. बाबा, शाळेत कार्यक्रम आहे, याल? बघू. त्याचा अर्थ काय होतो, हे बाप आणि लेक दोघांनाही तोंडपाठ होतं.

फोन ठेवून ते बसून राहिले. मग त्यांचं लक्ष कपाटाकडे गेलं. डबी अजून वरच होती. घरात सोळा वर्षं लहान-मोठं कुणीही नाही, आणि हा माणूस दुखरा गुडघा घेऊन रोज स्टुलावर चढतो, डबी काढतो, एक चिमूट घालतो आणि पुन्हा स्टुलावर चढून ती वर ठेवतो. कुणापासून लपवायला?

त्यांनी डबी खाली काढली. सकाळची चिमूट होऊन गेली होती. तरी एक घातली. म्हातारा मासा हळूहळू वर आला, काचेपाशी थांबला, तोंड उघड-मीट करत मास्तरांकडे बघत राहिला. खाणं संपलं, तो वळला आणि मागे निघून गेला. मास्तरांनी आणखी एक घातली. तो पुन्हा आला. तिसऱ्या चिमटीला मास्तर ढसाढसा रडले. खोलीत ते ऐकायला कुणी नव्हतं.

आता मला इथे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं, की पुढच्याच आठवड्यात मुलीनं बोलावलं आणि मास्तर बॅग भरून गेले. नाही बोलावलं. दिवस उलटले, महिना बदलला. पहिला रविवार आला, फोन आला. बरे आहात ना, मजेत, गोळ्या घेताय ना. टाकीचा विषय निघाला नाही. नवी टाकी खोलीत तशीच राहिली, त्यातलं पाणी मास्तरांनी ओतून टाकलं. दुकानात एवढाच फरक पडला की गल्ल्याशेजारचा पुठ्ठा त्यांनी एका सकाळी काढून ठेवला. मालकीणबाईंनी विचारलं तर म्हणाले, "जुना झालाय." आणि मुलं आली की भाषणाआधी ते आता एक प्रश्न विचारायचे, "दुपारी घरात कोण असतं रे तुझ्याबरोबर?" काही आयांना तो आवडायचा नाही. दोनतीन गिऱ्हाइकं तर त्यावरून परत गेली.

त्या पहिल्या रविवारनंतरच्या मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, दुकानात गर्दी होती. मास्तरांचे हात कोपरापर्यंत टाकीत. खिशातला फोन वाजला. मुलीच्या घरचा नंबर, आणि मुलगी तर या वेळी ड्यूटीवर. त्यांनी ओल्या हातानंच उचलला.

"आजोबा?" बारीक आवाज. "मी बोलतोय."

"बोल रे बाळा. काय झालं?"

"काही नाही झालं. आई म्हणाली, तुमच्या कामावर फोन केलेला बहुतेक चालत नाही. पण एकदा विचारून बघ म्हणाली. चालतो का?"

समोर एक बाई दोन पोरं घेऊन ताटकळत उभी होती. गल्ल्यावरून मालकीणबाई "मास्तर, अहो गिऱ्हाईक!" म्हणून ओरडत होत्या. मास्तर फिल्टर धुवायची रिकामी बादली पालथी करून तिच्यावर बसले.

"चालतो," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज. दहा वेळा केलास तरी चालतो."

एवढी परवानगी मिळेल असं त्याला वाटलं नसावं, पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. "मग आता काय बोलू?" त्यानं विचारलं.

"काहीही बोल. खिडकीतून काय दिसतंय ते सांग."

"थांबा हं, बघून येतो," तो म्हणाला, आणि मास्तर फोन कानाला लावून थांबले.